नीट न देता डॉक्टर?

दादा, नमस्कार. मुलीला मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेला 190 मार्क पडले, घरात सगळे हिरमुसलेत, आणि नाशिकच्या सातपूरचे एक ओळखीचे म्हणाले की इलेक्ट्रोपॅथीला टाका, नीट लागत नाही, साडेतीन वर्षांत पोरगी नावापुढे डॉक्टर लावेल, आत्ता फक्त 20 हजार टोकन भरा. आणि माहितीपत्रकावर 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' आहे म्हणजे खरंच असेल ना, असं तुम्ही विचारलंय.

टोकन भरू नका. मग पुढचं वाचा.

तुम्ही पाठवलेला सर्टिफिकेटचा नमुना मी झूम करून बघितला. सोनेरी शिक्का, खाली मुंगीएवढ्या अक्षरात सोसायटीज रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट 1860, शेजारी आयएसओ 9001. अहो, हा 1860 चा कायदा संस्था नोंदवायचा आहे, त्याच्याखाली गल्लीतलं मित्रमंडळ पण रजिस्टर होतं, म्हणून काय मंडळाच्या अध्यक्षाने इंजेक्शन द्यायचं? रजिस्टर झालीय ती संस्था, कोर्स नाही. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2003 च्या आदेशातच सांगितलंय की इलेक्ट्रोपॅथीसारख्या मान्यता नसलेल्या उपचारपद्धतींची डिग्री-डिप्लोमा देऊ नये आणि डॉक्टर हा शब्द फक्त मान्य पद्धतीवाल्यांनीच लावावा.

त्यामुळे 'सरकारमान्य आहे का' विचारूच नका, त्याला हो म्हणायला काय जातंय. विचारा, पास झाल्यावर हिची नोंदणी कुठल्या कौन्सिलला होणार? एमबीबीएसची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला, आयुर्वेदवाल्या बीएएमएसची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनला, बीएचएमएसची होमिओपॅथीच्या वेगळ्या कौन्सिलला. आणि या तिन्हींना नीट लागतेच, म्हणजे 'नीट लागत नाही' हीच खरी गोम आहे. नोंदणी नसताना अ‍ॅलोपॅथीची प्रॅक्टिस केली तर 2019 च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दवाखान्यावर बोर्ड ओळखीच्यांचं नसणार, पोरीचं असणार.

आज घरी एक करून बघा. फॅमिली डॉक्टरांची जुनी चिठ्ठी काढा, त्यावर रजिस्ट्रेशन नंबर असतो, नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये टाका. नुसतं नाव टाकाल तर त्याच नावाचे दहा जण निघतात, म्हणून वर्ष, डिग्री आणि विद्यापीठ पण जुळवा. आणि हो, बीएएमएसवाले तिथे दिसणार नाहीत, त्यांचं रजिस्टर वेगळं. मागे एक काका एवढ्यावरून चांगल्या वैद्यांना बोगस म्हणत कॉलेज रोडभर फिरले होते, मलाच शेवटी त्यांना गप्प करावं लागलं. मग तुमच्या ओळखीच्यांना म्हणा, या कोर्सच्या एका तरी 'डॉक्टर'चा असा नंबर दाखवा.

आता मुलीचं. तिला पेशंटमध्ये राहायचंय की नुसतं नावापुढे डॉक्टर हवंय हे तिलाच विचारा, तुम्ही समोर नसताना तिच्या आईने विचारलं तर बरं. पेशंटमध्येच राहायचं असेल तर बीएस्सी नर्सिंग आहे, त्याची सीईटी वेगळी असते आणि नंतर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते. फक्त फी भरायच्या आधी त्या कॉलेजला आरोग्य विद्यापीठाची संलग्नता आहे का बघा, विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, सातपूरहून अर्धा दिवस काढा आणि स्वतः जाऊन विचारा. रिपीट करायचा विचार असेल तर तिची मार्कशीट घेऊन या, बायोलॉजीत किती आणि फिजिक्समध्ये किती हे बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.