गच्चीवर बैठक करताय? आधी उतार बघा

फर्निचर बघायला जाण्याआधी गच्चीवर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे तुंबतं ते बघा. दहा फुटांना किमान एक इंच उतार हवाच. वॉटरप्रूफिंगचं काम असेल तर ते आधी उरकून घ्या, टाइल्स नंतर उखडणं फार जिवावर येतं.

मग उन्हाचं बघा. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि खरा त्रास दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाचा. म्हणून सावली नुसती डोक्यावर नको, पश्चिमेच्या बाजूलाही हवी. तिथे बांबूचा चिक किंवा मधुमालतीचा वेल लावा. द्राक्षाचा मांडव आपल्याकडे सगळ्यांनाच खुणावतो, पण छाटण्या आणि फवारण्या सांभाळायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूने वारं झोडपतं, तेव्हा शेडनेट काढून ठेवता येईल अशीच बांधा.

कुंड्यांच्या वजनाकडे मात्र कुणी लक्षच देत नाही! एक घनफूट ओली माती साधारण 50 किलो भरते. मोठ्या कुंड्या कॉलम-बीमच्या रेषेत ठेवा, वजन कमी व्हावं म्हणून मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. झोपाळ्याचा हूक इंजिनिअरला दाखवल्याशिवाय लावू नका, प्लीज.

खुर्च्या सुरुवातीला दोनच घ्या, पावडर कोटिंगच्या. गाद्यांची कव्हरं चेन लावून काढता येणारी शिवून घ्या. दिवे पिवळसर उजेडाचे आणि खाली, पायाशी लावा. डिसेंबरच्या थंडीत शेगडी पेटवायची असेल, तर तिची जागा शेडनेटपासून लांब ठेवा.