कुंग फूला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : 'लहानपणी व्हीसीआर भाड्याने आणून हाँगकाँगचे मारधाडीचे पिक्चर बघायचो. आमच्या लेखी ते सगळे "कराटेचे पिक्चर". पुढे कळलं की ते कुंग फू. तर या शब्दाचा नेमका अर्थ काय? त्यातला "फू" हा "सीफू"तलाच का? आणि त्या स्टंटना मराठीत धड शब्द आहे का?'

आधी कराटेचं निस्तरू. कराटे ओकिनावा बेटावरचं, तिथून जपानात रुजलेलं. पूर्वी हा शब्द ज्या अक्षरांत लिहीत त्यांचा अर्थ 'चिनी हात' असा होता. १९३०च्या दशकात उच्चार तोच ठेवून पहिलं अक्षर बदललं आणि 'रिकामा हात' असा अर्थ रूढ झाला. म्हणजे चीनशी नातं आहे, पण घरं वेगळी. मराठीत मात्र डालडा आणि झेरॉक्ससारखं ते सरसकट नाव होऊन बसलं. १९७२च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये ब्रूस ली शांघायमधल्या जपानी आखाड्यात शिरून सगळ्यांना एकटा लोळवतो. त्याला कराटेवाला म्हणणं म्हणजे बिचाऱ्याला शत्रूच्याच पंगतीला बसवणं!

आता कुंग फू. 'कुंग'चं चिनी अक्षर दोन भागांचं आहे : एक भाग 'काम', दुसरा 'बळ'. अक्षराचा अर्थ श्रम, किंवा श्रमाने साधलेली गोष्ट. 'फू' म्हणजे एरवी पुरुष, पण या जोडशब्दात तो अर्थ विरून गेला आहे. दोन्ही मिळून : वेळ आणि कष्ट घालून अंगी बाणवलेलं कसब. यात ठोसा नाही, लाथ नाही. इतकंच काय, 'तुझ्याकडे कुंगफू आहे का?' असं चिनीत विचारलं तर 'तुला वेळ आहे का?' असाही अर्थ होतो. छोट्या किटलीत निगुतीने केलेल्या दक्षिण चीनमधल्या चहाला 'कुंगफू चहा' म्हणतात. लढण्याच्या विद्येला मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, वेगळा शब्द आहे, 'वूशू'. पण हाँगकाँगची बोली कँटनीज, आणि तिच्यात मारामारीची विद्या ती कुंग फू. सिनेमाने तोच शब्द जगभर नेला.

'सीफू' म्हणजे गुरू. त्यातला 'फू' वेगळ्या अक्षराचा. गुरूला बापाच्या जागी मानणारा. कानाला सारखा, म्हणून फसगत होते. (जाता जाता : या शब्दातला 'कुं' आपण मराठी माणसं इंग्रजांपेक्षा बरा उच्चारतो. चिनी उच्चारात हकाराचा फुत्कार नाही, आपल्या 'क'सारखाच तो. 'फू' मात्र आपण फणसातल्या 'फ'ने म्हणतो, तेवढं चालवून घ्या.)

मग मराठी प्रतिशब्द? 'युद्धकला' वूशूला ठीक, पण कुंग फूतला घाम त्यात नाही. 'कसब' अर्थाने फार जवळ, कारण मूळ अरबीत तो कमाईचा शब्द. तरी मला विचाराल तर 'तालीम'. हा शब्दही अरबीच, अर्थ शिकवण. मराठीत त्याला दोन घरं मिळाली : पैलवान जोर काढतात ती तालीम, आणि नाटकवाले करतात तीही तालीम. हाँगकाँगच्या मारधाडपटात ही दोन्ही घरं एक होतात. जॅकी चॅन, सॅमो हुंग, युएन बियाओ ही मंडळी यू जिम-युएन यांच्या नाट्यशाळेतली. तिथे पेकिंग ऑपेरा शिकवत : गाणं, अभिनय, कोलांट्या, तलवार, तासन्‌तास हातांवर उभं राहणं. जॅकीची दहा वर्षं तिथे गेली. त्या रंगभूमीवर एक म्हण आहे : रंगमंचावरचा एक क्षण, त्यामागे दहा वर्षांचं 'कुंग'. तेच अक्षर!

हे डोक्यात ठेवून ते जुने पिक्चर पुन्हा बघा. १९७८च्या 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'मध्ये किती वेळ नुसता सराव चालतो! दंडांना सुरे बांधून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. हात खाली आला की सुरा बरगडीला. त्याच वर्षीच्या 'ड्रंकन मास्टर'मध्ये पोराला उलटं टांगून इवल्या कपांनी पाणी उपसायला लावलंय. शेवटच्या मारामारीपेक्षा मला हेच जास्त आठवतं, आणि ओळखीच्या बऱ्याच जणांनाही. हे पिक्चर सुडाचे दिसतात, पण मला तरी ते तालमीचेच वाटतात.

उरला 'स्टंट'. आपल्याकडे तो मूकपटांच्या काळापासून आहे. कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल त्या काळचे धाडसी नायक, पुढे १९३५ साली नाडियाची 'हंटरवाली' आली. 'स्टंटपट' हा शब्द तेव्हा सरळ होता, नंतर बिघडला. आज 'हा निवडणुकीचा स्टंट आहे' म्हटलं की त्यात खोटेपणा आला, आणि 'स्टंटबाजी'त तर उनाडपणाच. १९८५च्या 'पोलिस स्टोरी'मध्ये जॅकी मॉलच्या वरच्या मजल्यावरून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला धरून थेट खाली घसरतो. हात पोळले. ती उडी पडद्यावर वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा दिसते, जणू 'बघा, यात लबाडी नाही' असं बजावण्यासाठीच. तिला स्टंट म्हणताना माझी जीभ अडखळते. 'साहसदृश्य' हा कचेरीत घडवलेला शब्द. मी 'कसरत' म्हणतो. सर्कशीने तो आधीच तयार ठेवलाय, आणि वायरला लटकून हवेत तलवारी खेळणाऱ्यांना तर 'तारेवरची कसरत' अक्षरशः लागू पडते.

अशा कसरती करणाऱ्यांना हाँगकाँगमध्ये 'लुंग फू मो सी' म्हणतात. 'लुंग' म्हणजे ड्रॅगन आणि 'मो सी' म्हणजे लढाई शिकवणारा. आपल्या तालमीतल्या भाषेत सरळ 'वस्ताद'. यातला 'फू' मात्र आणखी तिसराच. तो वाघ.