मिनीत 998 चाच ब्लॉक ठेवू, मेट्रोचा 1275 घेऊ की कूपर एसचा शोधू?

तुमची मिनी मेफेअर 1985 ची, आत मूळचं 998 सीसीचं इंजिन. इंग्लंडमधल्या गावरस्त्यांवर शनिवार-रविवार दामटायची, रेसिंग करायचं नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की इंजिन 1380 सीसीचं केल्याशिवाय मजा नाही. माझं मत विचाराल तर ऑस्टिन मेट्रो या गाडीचा ए-प्लस (मिनीच्याच ए-सीरिज इंजिनाची सुधारलेली आवृत्ती) 1275 ब्लॉक घ्या. मात्र तो स्टँडर्ड बोअरचा (बोअर म्हणजे पिस्टन चालतो ते भोक), कधीच रिबोअर न झालेला, म्हणजे ते भोक कापून मोठं न केलेला हवा. मी मूळचा कोल्हापूरचा, घरचा धंदा ओतकामाचा. आता मिडलँड्समध्ये राहतो आणि ही इंजिनं बांधतो, त्यामुळे ब्लॉक हातात आला की माझी नजर आधी बोअरच्या भिंतीत माल किती उरलाय त्यावर जाते.

998 वाईट नाही. पण त्याचा बोअर 64.58 मिमी, आणि 60 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवला तरी इंजिन 1050 सीसीच्या आसपासच थांबतं. शिवाय 1275 चं मोठं हेड त्यावर तसंच चढवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकला धडकतात. मग ब्लॉकमध्ये खाचा पाडत बसा. क्रँक ज्यात फिरतो ती मेन बेअरिंगही 1275 मध्ये 2 इंचांची आहेत, 998 मध्ये पावणेदोन इंचांची. खर्च करायचाच तर तो मोठ्या ब्लॉकवर करा.

कूपर एस या मिनीच्या वेगवान मॉडेलच्या ब्लॉकचा मोह मला समजतो. 1964 ते 1971 मधला तो ब्लॉक, 11 स्टडचं हेड, माँटे कार्लो रॅलीचा इतिहास. पण बाजारात येतो तो बहुतेक दोन-तीनदा रिबोअर झालेला, कधी आत लायनर (नवी नळी) ठोकलेला, आणि किंमत नावाची लावलेली. मूळ कूपर एस पुन्हा उभी करत असाल तर जरूर घ्या. मेफेअरसाठी नको.

एमजी मिजेट किंवा मॉरिस मरीना या गाड्यांचा 1275 स्वस्त दिसेल. ती इंजिनं गाडीच्या लांबीच्या दिशेने बसायची, मिनीतल्यासारखी आडवी नाही. त्यांचा क्रँक वेगळा, तेलाची वाटही वेगळी. त्या फंदात पडू नका.

मेट्रोचा ब्लॉक ओळखायचा कसा? इंजिन नंबर 12एचने सुरू होतो, 998 चा 99एचने. मॅनिफोल्डखाली हात घालून बघा: 998 ला तिथे टॅपेटची दोन पत्र्याची झाकणं असतात, मेट्रोच्या 1275 ला नसतात.

आता खरी परीक्षा. ब्लॉक पूर्ण उघडा करा, कोअर प्लग (ओतकामाच्या भोकांची बुचं) काढा, कॉस्टिकमध्ये धुऊन घ्या. वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे बोअरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, चाळीस वर्षांचा गंज आणि गाळ बसलेला असतो, आणि तो निघाल्याशिवाय कुठलंच माप खरं नाही. मग प्रेशर टेस्ट, आणि त्यानंतर अल्ट्रासॉनिक गेजने भिंतीची जाडी. प्रत्येक बोअरमध्ये वर, मध्ये, खाली आणि चारही बाजूंना जेल लावून प्रोब टेकवायचा आणि आकडा तिथेच मार्करने लिहायचा. एकाच बोअरमध्ये एका बाजूला भरपूर जाडी आणि समोरच्या बाजूला पातळ, असं सर्रास दिसतं. ओतताना वाळूचा कोअर (आतल्या पोकळीचा साचा) जरा सरकला की हे होतंच. सरासरी काढू नका, सगळ्यात पातळ जागा धरा. पिस्टनचा जोर ज्या बाजूला येतो तिथे ती जागा आली तर तो ब्लॉक परत द्या.

1380 चा हट्ट मी याचसाठी सोडायला सांगतो. त्यासाठी बोअर 70.6 वरून 73.5 मिमी करावा लागतो, म्हणजे भिंतीतून चहूबाजूंनी जवळपास दीड मिमी बीड गेलं. दोन बोअरमधली हेड गॅसकेट बसायची पट्टी 2.9 मिमीने अरुंद होते. ती टिकवायला चांगले मशीनिस्ट बोअरचं केंद्रच सरकवून घेतात. रेसच्या इंजिनाला हे ठीक, ते वरचेवर उघडलं जातं. तुमच्यासाठी 20 थाऊ, म्हणजे 1293, पुरे. त्यात भिंतीचा पाव मिमी जातो आणि पुढच्या दोन रिबोअरची सोय राहते. उरलेले पैसे हेड आणि कॅमवर घाला, फरक तिथे जाणवेल.

मेन कॅप, म्हणजे मेन बेअरिंग धरून ठेवणाऱ्या टोप्या, त्याच ब्लॉकच्या, त्याच क्रमाने हव्यात. त्या ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात. मधली कॅप स्टीलची घालणार असाल तर लाइन बोअरिंग, म्हणजे मेन बेअरिंगची भोकं एका रेषेत पुन्हा कापणं, आलंच. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) करताना वर हेडच्या जागी टॉर्क प्लेट (जाड धातूचा पाटा) कसायला सांगा, नाहीतर हेड आवळल्यावर बोअर गोल राहत नाही.

998 चा प्रायमरी गिअर (क्रँकच्या टोकावरचा, क्लचकडून गिअरबॉक्सला जोर देणारा) 1275 च्या क्रँकवर बसत नाही, तो वेगळा धरा. इंजिन बसलं की नवा नंबर आणि सीसी डीव्हीएलएला (तिथलं वाहन नोंदणी कार्यालय) कळवून व्ही5सी (गाडीचं नोंदणीपत्र) बदलून घ्या, आणि विमा कंपनीला गाडी रस्त्यावर काढण्याआधी सांगा.