फरशीखाली ओल येते. गळती नळाच्या लाइनची की ड्रेनेजची, कसं ओळखायचं?

तोडफोड नंतर. रात्री सगळे नळ बंद करा, वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली तर नळाची लाइन बघा. तशीच असेल तर संशय ड्रेनेजवर.

बाहेरच्या चेंबरमध्ये बाथरूमकडून येणाऱ्या ड्रेनेज पाइपचं तोंड टेस्ट प्लगने, म्हणजे पाइपमध्ये घट्ट बसणाऱ्या बुचाने, बंद करा (चार इंची पाइप असेल तर ११० मिमीचा). नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालचं भांडं) जाळीच्या दोन बोटं खाली येईपर्यंत पाणी भरा, खूण करून तासभर थांबा. जाळीच्या वर मात्र भरू नका, नाहीतर फरशीच्या सांध्यातून मुरलेलं पाणी पाइपच्या माथी मारलं जातं. पातळी उतरली, प्लग कोरडा, म्हणजे पाइप गळतोय. बहुतेकदा ट्रॅपखालचा बेंडच (पाइपचा वळणाचा तुकडा): भराव नीट ठोकलेला नसतो, तो खचतो आणि सांधा उघडतो. कॅमेरा घालून जागा पक्की झाल्यावरच फरशी फोडा.