आईच्या स्तनाची गाठ ट्रिपल निगेटिव्ह आहे आणि तिच्या रिपोर्टमध्ये 'टीआयएल ४० टक्के' आलंय. कॅन्सर रक्तात गेला का?

नाही, तसा अर्थ मुळीच होत नाही. टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट्स, पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. गाठीत पांढऱ्या पेशी सापडल्या म्हणजे रोग रक्तात उतरला, असं निपाणीत तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते आधी मनातून काढून टाका. या पेशी रोगाच्या नाहीत. आईंच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या आहेत, गाठ ओळखून तिथं पोचलेल्या.

मी बेळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे. आपल्याकडे घरात मराठी, वॉर्डात कन्नड आणि रिपोर्ट इंग्रजीत. त्यामुळे ही भीती मला वारंवार ऐकावी लागते आणि दर वेळी वाईट वाटतं.

४० टक्के म्हणजे गाठीचा ४० टक्के भाग नव्हे. कर्करोगाच्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये जी तंतुमय जागा असते, तिचा साधारण तेवढा भाग लिम्फोसाइट्सनी व्यापलाय. सूक्ष्मदर्शकाखाली नजरेनं केलेला अंदाज असतो हा. दुसरा डॉक्टर ३५ म्हणेल. बायोप्सीचा तुकडाही लहान, म्हणून ऑपरेशननंतर आकडा बदलू शकतो.

गाठ ट्रिपल निगेटिव्ह आहे, म्हणजे तिच्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर२ हे तिन्ही रिसेप्टर नाहीत, असं तुम्ही लिहिलंय, आणि इथं ते फार महत्त्वाचं. या प्रकारात अशा पेशी जितक्या जास्त, तितकी केमोला साथ चांगली आणि रोग उलटण्याची शक्यता कमी, असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. हार्मोन पॉझिटिव्ह गाठ असती तर याच आकड्यावरून मी असा दिलासा दिला नसता.

शिवाय आत आलेली प्रत्येक पेशी लढतेच असं नाही. सीडी८ टी-पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) कर्करोगाच्या पेशी मारतात. नियामक टी-पेशी त्यांनाच आवरतात. काही मॅक्रोफेज, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या पेशी, तर गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटानं २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दाखवलं, की कोणत्या पेशी, किती आणि नेमक्या कुठं, यावरून पुढचा अंदाज कधीकधी स्टेजपेक्षाही नेमका बांधता येतो. साध्या टीआयएलच्या टक्क्यात हा भेद दिसत नाही.

म्हणून आकडा चांगला आला तरी केमो टाळू नका, एकही सायकल चुकवू नका. गाठीचा आकार आणि काखेतल्या लसिका गाठींपर्यंत रोग पोचलाय का, या गोष्टींचं महत्त्व अजूनही मोठंच आहे. ऑन्कोलॉजिस्टना थेट विचारा: काखेत रोग आहे का, आणि केमो ऑपरेशनच्या आधी द्यायची की नंतर?