ठाण्याच्या मासुंदा तलावावर संध्याकाळी फोटो काढताना आकाश जळून पांढरं होतं आणि काठ काळा पडतो. कॅमेऱ्यातला एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फ्रेम कॅमेराच जोडून देतो) लावू की ब्रॅकेटिंग (तसे फ्रेम वेगवेगळे काढून नंतर स्वतः जोडणं) करू?

ट्रायपॉड असेल तर ब्रॅकेटिंगच करा, तेही रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती ठेवणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये. बऱ्याच कॅमेऱ्यांचा एचडीआर शेवटी एकच जेपीईजी हातात देतो. उडालेलं आकाश त्यातून परत मिळत नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), छिद्र एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) फिक्स, −२, ०, +२ स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा) असे तीन फ्रेम, २ सेकंदांचा टायमर. ऑटो आयएसओ आठवणीने बंद करा, नाहीतर काही कॅमेरे शटरऐवजी आयएसओच बदलतात आणि सावलीत दाणे येतात. मात्र तलावात बोटी फिरत असतील तर तीन फ्रेममध्ये एकाच बोटीच्या तीन पुसट बोटी होतात. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम मर्ज करताना (जोडताना) डीघोस्ट (अशा पुसट प्रती काढणारा पर्याय) लावा, किंवा सरळ आकाश सांभाळून एकच रॉ काढा आणि सावल्या नंतर उचला.