मोशीला निघालेल्या कुटुंबासाठी

प्रश्न : माझ्या मुलाला टांझानियातील मोशी येथे साखर कारखान्यात नोकरी लागली असून दिवाळीनंतर सून आणि सात वर्षांची नातही तिकडे जाणार आहेत. नातेवाईक 'आफ्रिका' एवढाच शब्द उच्चारून घाबरवतात. आपण तेथे राहून आला आहात. रोजचे जगणे कसे असते, ते सांगाल का?
— एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : ताई, आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आहेत, त्यामुळे त्या एका शब्दावरून मोशीची कल्पना येणार नाही. मोशी हे ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या पायथ्याचे गाव आहे. खाली उसाचे मळे आणि वर उतारावर केळी व कॉफीच्या बागा आहेत, त्यामुळे पलूसच्या माणसाची नजर तेथे लवकर रुळते.

मी तेथे दीड महिना नातलगांकडे राहिले. पहिल्याच सकाळी बाजारात केळीवालीला थेट भाव विचारला, तेव्हा तिने भाव न सांगता 'हबारी?' म्हणजे 'काय खबर?' असे विचारले, माझ्या उत्तराची वाट पाहिली, घरच्यांची विचारपूस केली आणि मगच भाव सांगितला. बांधावरून जाणाऱ्याशी 'राम राम' झाल्याशिवाय कामाचे बोलू नये, हीच आपल्या गावाकडची रीत. शहरात राहून मीच ती विसरले होते. थोरांना 'शिकामो' म्हणतात आणि थोर माणूस 'मराहाबा' असे उत्तर देतो. 'शिकामो'चा मूळ अर्थ 'आपले पाय धरते' असा सांगतात. नातीला हा एक शब्द तरी घरूनच शिकवून पाठवा.

वेळेच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. स्वाहिली या तेथील भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा पहिला तास. सुताराने 'सा न्ने', म्हणजे चार, असे सांगितले. मी दुपारी ४ वाजता दार उघडून बसले आणि तो सकाळी १० वाजताच येऊन कुलूप पाहून परत गेला होता. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत, हे मला नंतर आठवले.

जेवणात मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे उगाली, आणि तिच्याबरोबर घेवड्याची उसळ किंवा तांदळजाच्या जातीची 'मचिचा' ही पालेभाजी असते. चपातीला तेथेही चपातीच म्हणतात आणि तीनचाकी रिक्षेला, पुण्याच्या कंपनीच्या नावावरून, 'बजाजी'. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय तेथे २००८ पासून, म्हणजे आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून आहे. पैसे भरायचे किंवा काढायचे असल्यास 'वकाला' म्हणजे एजंटाच्या टपरीवर जावे लागते.

काळजी करायचीच तर ती मलेरियाची करा. रोज रात्री मच्छरदाणी लावलीच पाहिजे आणि ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घेतले पाहिजे. सुनेला जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा, विशेषतः लहान मुलीसाठी.

एक शेवटची सूचना. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी असून ती बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनाही लागू आहे. दिवाळीचा चिवडा आणि चकल्या तुम्ही त्यांच्याबरोबर देणारच, तेव्हा त्या स्टीलच्या डब्यांत भरा आणि डबे कापडी पिशवीत ठेवा.